टेकडी राखली, ओढ्याचे काय?

बेसा आणि पिपळा ही नागपूरच्या दक्षिण शिवेवरची गावे. जुन्या सातबाऱ्यावर जिथे तूर आणि कापूस यांची नोंद सापडावी, तिथे आज बहुमजली इमारती उभ्या आहेत. आणि या इमारतींच्या परिसराचा दैनंदिन कारभार अगदी अलीकडेपर्यंत ग्रामपंचायत नावाची, मुळात गावविहीर, पांदण आणि शाळेचे छप्पर एवढ्यासाठी जन्माला आलेली संस्था पाहत होती. आता तिच्या जागी बेसा-पिपळा नगरपंचायत आली आहे. गावाचे शहर झाले हे कायद्यानेही मान्य केले. या स्थित्यंतराचे स्वागत करतानाच एक प्रश्न विचारून ठेवणे इष्ट होईल. नगरपंचायतीत बसणाऱ्या लोकप्रतिनिधीने पर्यावरणासाठी नेमके काय करावयाचे असते?

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. निवडणुकीच्या पत्रकात 'पर्यावरण' हा शब्द आता न चुकता येतो आणि त्याचा अर्थ बहुधा वृक्षारोपण असा असतो. जुलैत खड्डा, त्याच दिवशी छायाचित्र आणि पुढच्या मे महिन्यात त्या जागी वाळलेली काटकी, हा क्रम आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. झाडे लावू नयेत असे कोण म्हणेल? परंतु वाढत्या शहराचे पाणी, हवा आणि मोकळी जागा यांचे भवितव्य ठरते ते एका अत्यंत कंटाळवाण्या कागदावर, म्हणजे विकास आराखड्याच्या नकाशावर. तिथे हिरवा रंग कोठे भरला, ओढ्याची रेषा कोठून ओढली आणि पुढील वीस वर्षांत तो रंग पिवळा होऊ नये म्हणून सभागृहात कोण उभे राहिले, यावरून त्या गावच्या राजकारणाची पर्यावरणनिष्ठा मोजली पाहिजे. नकाशात निवासी क्षेत्र पिवळे दाखवितात, हे ज्यांनी प्लॉट घेतला आहे त्यांना सांगावयास नको.

आधी बेसा परिसराची गोष्ट. तिच्यात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. वर्धा मार्गावरील मिहान प्रकल्पासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, विशेष आर्थिक क्षेत्राची चर्चा सुरू झाली, आणि कारखाने येण्यापूर्वीच त्यांची किंमत आजूबाजूच्या शेतीला चिकटली. पुढे २०१९ मध्ये वर्धा मार्गावर मेट्रो धावू लागली. यांपैकी कोणत्याही कामात शेतमालकाचे श्रम नव्हते, की जमिनीच्या दलालाचे भांडवल नव्हते. तरीही भाव चढले. अर्थशास्त्रात याला अनर्जित वाढ म्हणतात. हेन्री जॉर्ज याने १८७९ मध्ये या एकाच प्रश्नावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि अशी वाढ समाजाने कररूपाने परत घ्यावी असे सुचविले. आपण त्याचे ऐकले नाही. बेसा-पिपळ्यात तर ही वाढ कोणी खाल्ली याचा हिशोबही कोणी मांडला नाही. धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ आणि १९५२ अशा दोन भागांत प्रसिद्ध केली. त्यांचे बालपण नागपुरात गेले होते. नागपूरच्या वेशीवरील एखाद्या गावाची तशी घरोघर पाहणी व्हावी असे आमच्या महाविद्यालयांना कधी वाटले नाही, ही खंत जाता जाता नोंदवून ठेवतो.

भाव चढले की लेआउट पडतात. 'लेआउट' हा नागपूरचा खास शब्द. पुण्यामुंबईचा माणूस सोसायटीत राहतो, नागपूरचा लेआउटमध्ये राहतो. शेताचे तुकडे करावयाचे, चुन्याच्या रेघा मारावयाच्या, कमानीवर देवाचे नाव लावावयाचे आणि 'ग्रामपंचायत मंजूर' अशी पाटी ठोकून विक्री सुरू करावयाची. गावठाणाबाहेर अशा मंजुरीला किती अर्थ असतो, हे घेणाऱ्याला रजिस्ट्री झाल्यानंतर कळते. मग सुरू होते ती 'डिमांड भरली का, आरएल आले का' ही विचारपूस. नागपुरात दोन मध्यमवर्गीय माणसे भेटली की मुलांच्या परीक्षेनंतरचा दुसरा विषय हाच असतो. खुद्द शहरातील अशा अभिन्यासांची '५७२' आणि '१९००' ही दोन टोपणनावे इतकी रूढ झाली आहेत की ते आकडे कशाचे, हे नव्या माणसाला समजावून सांगावे लागते.

अनधिकृत अभिन्यास नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा झाला. तो १ जानेवारी २००१ पूर्वीच्या भूखंडांसाठी होता. २०२१ मध्ये ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणण्यात आली. ज्या कुटुंबाने आयुष्याची पुंजी घालून दीड हजार फुटांचा तुकडा घेतला, त्याला बेघर करावे असे कोणीच म्हणणार नाही, आणि म्हणून या कायद्यामागील करुणा समजण्यासारखी आहे. परंतु बाजारपेठेला करुणा कळत नाही, तिला संकेत कळतो. वीस वर्षांनी मुदत पुढे सरकते, हा संकेत लेआउट पाडणाऱ्याने बरोबर वाचला. नियम पाळून रुंद रस्ता आणि मोकळी जागा सोडणाऱ्याचा भूखंड महाग, न सोडणाऱ्याचा स्वस्त. आणि कालांतराने दोघांनाही तोच कागद मिळणार असेल, तर कोणता शहाणा विक्रेता नियम पाळील? येथे कोणाच्या नीतिमत्तेवर दोषारोप करण्याचे कारण नाही. आपण चुकीच्या वस्तूला बक्षीस ठेवले आणि त्या वस्तूचे पीक आले.

या सर्व काळात बेसा परिसराचे नियोजन कोण करीत होते? ग्रामपंचायत नव्हे. १९३६ च्या कायद्याने जन्मलेला नागपूर सुधार प्रन्यास आणि त्यानंतर २०१७ मध्ये स्थापन झालेले नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, यांच्याकडे ही जबाबदारी होती. महानगर प्रदेशाचा व्याप साडेतीन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आणि गावे सातशेहून अधिक. आराखडा सल्लागार संस्थेकडून तयार करवून घेतला गेला आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. या संस्थांतील अधिकारी अकार्यक्षम होते असे येथे सुचवावयाचे नाही. मुद्दा वेगळा आहे. सातशे गावांच्या नकाशात एका गावच्या ओढ्याची रेषा दहा मीटर इकडे ओढली की तिकडे, याबद्दल कोणत्याही निवडून आलेल्या माणसाला मतदारांपुढे जाब द्यावा लागला नाही. सरपंच म्हणे, नियोजन माझ्या हाती नाही. ते खरे होते. प्राधिकरण म्हणे, गावातले बांधकाम कोणी होऊ दिले ते ग्रामपंचायतीला विचारा. तेही पुष्कळसे खरे होते.

१ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. तिच्यात नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या अठरा विषयांची यादी आहे आणि त्यातील पहिलाच विषय नगररचनेसह नागरी नियोजन हा आहे. आठवा विषय नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचे संरक्षण हा. त्याच घटनादुरुस्तीने नगरपंचायत ही संस्था, ग्रामीण भागातून नागरी भागात संक्रमण करणाऱ्या क्षेत्रासाठी म्हणून, घटनेत आणली. म्हणजे घटनाकर्त्यांच्या वारसांनी ज्या गावाची कल्पना केली होती, ते बेसा-पिपळ्यासारखेच असणार. फरक एवढाच की यादीत विषय असणे आणि तो विषय हाती असणे या आपल्या देशात दोन भिन्न अवस्था आहेत.

आता ज्याच्या हाती काही होते अशा लोकप्रतिनिधींकडे पाहू. नागपूरचे उदाहरण प्रथम घेणे न्याय्य होईल. २०१३ च्या उन्हाळ्यात तत्कालीन महापौर अनिल सोले यांच्या पुढाकाराने नाग नदीच्या सफाईची मोहीम हाती घेण्यात आली. ज्या प्रवाहाला शहराने आपले नाव दिले, किंवा ज्याच्याकडून शहराने आपले नाव घेतले, त्याला नागपूरकर तोपर्यंत नाला म्हणू लागले होते. यंत्रे लागली, गाळ निघाला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'नदी' हा शब्द परत आला. पुढे पिवळी आणि पोहरा या नद्याही या वार्षिक कार्यक्रमात आल्या. या कामाचे श्रेय निःसंकोच द्यावे. परंतु तो कार्यक्रम वार्षिक का झाला, हेही विचारावे. गाळ दरवर्षी काढावा लागतो, कारण तो दरवर्षी येतो. आणि तो येतो, कारण सांडपाणी, राडारोडा आणि काठावरची बांधकामे यांचे कारण नकाशात आहे, पात्रात नाही. पोकलेनला जे दिसते तेवढेच पोकलेन काढू शकते.

नकाशाशी झुंजलेल्या लोकप्रतिनिधीचे उदाहरण पाहावयाचे तर पुण्याला जावे लागेल. तेथील प्रसंग बेसा-पिपळ्याच्या आजच्या प्रसंगाशी मिळताजुळता होता, म्हणूनच तो येथे सविस्तर सांगतो. १९९७ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत भोवतालची अडतीस गावे घेण्यात आली. त्यांतील पंधरा नंतर वगळली गेली आणि तेवीस उरली. गावे कालपर्यंत ग्रामपंचायतीची होती, त्यांच्या पाठीशी टेकड्या होत्या, आणि टेकडीच्या उतारावर बंगला ही पुण्यातील धनिकांची जुनी हौस. त्या वेळी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, पुण्याच्या महापौर ॲड. वंदना चव्हाण या होत्या. तेवीस गावांचा विकास आराखडा तयार होऊ लागला तेव्हा त्यात टेकड्यांवरील सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र 'जैववैविध्य उद्यान' म्हणून राखून ठेवण्याची कल्पना पुढे आली. महापौरपद एका वर्षाचे; या कल्पनेचे आयुष्य मात्र त्यानंतर कितीतरी वर्षे टांगणीला लागलेले होते. श्रीमती चव्हाण यांनी पद गेल्यावर ती कल्पना सोडली नाही. त्यांनी नागरिकांना एकत्र आणले, हरकती-सूचनांच्या प्रक्रियेचा उपयोग केला, पुढे २०१२ पासून २०२४ पर्यंत राज्यसभेच्या सदस्य असतानाही हा विषय धरून ठेवला.

वृक्षारोपणाच्या मानाने हे काम किती रुक्ष आहे ते पाहा. बारा वर्षे एकच वाक्य म्हणावयाचे: टेकडीवर बांधकाम नको. समोरून दरवेळी नवे, सुसंस्कृत भासणारे वाक्य येते. थोडे बांधकाम होऊ द्या म्हणजे मालकच झाडे सांभाळतील. काही टक्केच होऊ द्या. महापालिकेजवळ एवढी जमीन विकत घ्यावयास पैसा कोठे आहे? शेवटचा प्रश्न तर अगदी रास्त होता. विरोध केवळ प्रतिपक्षाकडूनच होत होता असेही नाही. आराखड्याचा इतर भाग मंजूर होत गेला आणि टेकड्यांचा निर्णय शासनाने राखून ठेवला, त्या वर्षांत राज्याच्या सत्तेत श्रीमती चव्हाण यांचा राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष भागीदार होता. स्वपक्ष सत्तेत असताना स्वपक्षाच्या सरकारकडे तगादा लावावयाचा, आणि तोही मतपेटीत ज्याचे मोल जवळजवळ शून्य अशा विषयासाठी, हे आपल्या राजकारणात क्वचित घडते. टेकडीवर फिरावयास जाणारा मतदार टेकडीसाठी पक्ष बदलत नाही. टेकडीचा मालक मात्र बदलतो.

अखेर निर्णय आला तो २०१५ मध्ये, आणि तो प्रतिपक्षाच्या सरकारकडून. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आरक्षण कायम केले, बांधकामास परवानगी नाकारली आणि मालकांना जमिनीच्या क्षेत्रफळाच्या आठ टक्के इतके हस्तांतरणीय विकास हक्क देण्याचे ठरविले. योगायोग असा की श्री. फडणवीस हे १९९७ मध्येच नागपूरचे महापौर झाले होते. एकाच वर्षी दोन शहरांत महापौर झालेल्या, परस्परविरोधी पक्षांतील दोन व्यक्तींच्या हातून एका नकाशावरची एक हिरवी रेषा अठरा वर्षांनी पक्की झाली. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे अध्यक्षपदही कायद्याने मुख्यमंत्र्यांकडेच असते, हे नागपूरकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या निर्णयातील आठ टक्के हा आकडा समजून घेतला पाहिजे, कारण पर्यावरणाच्या अनेक चांगल्या कल्पना या आकड्यापाशी येऊन मरतात. हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे आपल्या जमिनीवर न बांधण्याच्या मोबदल्यात मिळालेला, दुसरीकडे बांधण्याचा विकता येण्याजोगा परवाना. ज्याची एक हेक्टर टेकडी आरक्षणात गेली, त्याला ८०० चौरस मीटर बांधकामाचा हक्क मिळतो. तो त्याने शहरातील बिल्डरला विकावा. संपूर्ण ९७८ हेक्टरांचा हिशोब केला तर हे हक्क सुमारे ७ लाख ८२ हजार चौरस मीटर होतात. महापालिकेच्या तिजोरीतून रोख रक्कम जात नाही. शहराच्या मध्यभागी थोडी अधिक दाटी होते आणि तिच्या किमतीतून टेकडी मोकळी राहते. कल्पना सुबक आहे. पण मालकांना आठ टक्के अत्यल्प वाटले आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य नाही असे म्हणता येत नाही. मोबदला अपुरा असला की मालक जमीन देत नाही, संस्था ती घेऊ शकत नाही, आणि दरम्यानच्या पोकळीत पत्र्याच्या शेड उभ्या राहतात. पुण्यात तसेच झाले. आरक्षणाखालील जमिनीपैकी फारच थोडी प्रत्यक्षात महापालिकेच्या ताब्यात आली, आणि अलीकडे या क्षेत्रांच्या फेरविचारासाठी शासनाने पुन्हा अभ्यासगट नेमला. राखलेली रेषा एकदा राखून भागत नाही.

पुण्याच्या यशाची दुसरी मर्यादा अधिक बोलकी आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूने आंबील ओढा फुगला आणि पुणे परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक बळी घेतले. ज्या शहराने टेकड्यांसाठी अठरा वर्षे वाद घातला, त्या शहराला आपल्या ओढ्यासाठी तसा आवाज उठविता आला नव्हता. याचे कारण उघड आहे. टेकडी दिसते. तिच्यावर लोक पहाटे चढतात, तिचे छायाचित्र निघते, तिला नाव असते. ओढा घरांच्या पाठीमागून वाहतो, त्याला वास येतो, आणि आठ महिने तो कोरडा असतो. लोकशाहीत जे दिसते त्याला कैवारी मिळतो.

नागपूरलाही हा धडा चार वर्षांनी मिळाला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या, शहरातील सुस्थित म्हणविल्या जाणाऱ्या वस्त्यांत माणसे छातीभर पाण्यात उभी राहिली. त्यानंतर अडथळे, भिंती, तलावाची सुरक्षा यांविषयी पुष्कळ चर्चा झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ते योग्यच झाले. परंतु नाग नदीच्या काठी आता राखावयास फारसे उरलेले नाही. तेथे उपाय म्हणजे दुरुस्ती, आणि दुरुस्ती नेहमी महाग पडते. ज्या काठावर अद्याप काही राखता येईल, तो काठ पोहरा नदीचा.

पोहरा, किंवा काहींच्या तोंडी पोरा, ही दक्षिण नागपूरची नदी. सहकारनगराकडून निघून नरेंद्रनगर, पिपळा फाटा, नरसाळा करीत ती विहीरगावकडे जाते. हुडकेश्वर आणि नरसाळा ही गावे २०१३ मध्ये महापालिकेत गेली. बेसा-पिपळा बाहेर राहिले. परिणामी एकाच प्रवाहाचा काही भाग महापालिकेचा, काही प्राधिकरणाचा, आता काही नगरपंचायतीच्या शेजाराचा, आणि पाणी मात्र हद्दीचे दगड वाचीत नाही. नव्या लेआउटांतील सेप्टिक टँकचे पाणी आणि पावसाचे पाणी उताराने जाते ते लहानमोठ्या ओहोळांतून. हे ओहोळ अनेक नकाशांत एका बारीक निळ्या रेघेएवढे असतात, आणि भूखंड पाडताना ती रेघ दोन भूखंडांच्या मधली हद्द म्हणून वापरली जाते. नंतर दोन्ही बाजूंच्या कुंपणभिंती एकेक फूट पुढे येतात. मग एका जुलैत पाणी दिवाणखान्यात येते आणि आपण ढगफुटी झाली असे म्हणतो.

आता नगरपंचायतीने काय करावे? सर्वप्रथम पूररेषा मागाव्या. पाटबंधारे खात्याच्या पद्धतीत पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. मोठ्या नद्यांसाठी त्या आखल्या जातात. गावच्या ओढ्यांसाठी त्या आखून घ्याव्यात असा ठराव करण्यास कोणत्याही नगरसेवकाला कोणाची परवानगी लागत नाही. नियोजनाचे अधिकार पूर्णांशाने हाती असोत वा नसोत, ठराव, हरकत आणि पाठपुरावा ही तीन साधने हाती असतातच. पुण्याच्या उदाहरणात पद गेल्यावरही तीच साधने कामी आली.

दुसरी सूचना अर्थशास्त्राची आहे आणि ती जवळजवळ फुकट आहे. राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा अधिक जागेच्या अभिन्यासात सामान्यतः दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ही जागा कोठे सोडतात? जो कोपरा विकला जात नाही तेथे. वेडीवाकडी, रोहित्राखालची, कधी त्रिकोणी, आणि काही वर्षांनी तिच्यावर सभामंडप. समजा, ओहोळाला लागून असलेल्या प्रत्येक नव्या अभिन्यासाने आपले हे दहा टक्के काठालगतच आणि सलग सोडावे, एवढाच आग्रह धरला. मालकाचा एक चौरस फूटही अधिक जात नाही. मोबदला द्यावा लागत नाही, विकास हक्कांचा बाजार उभा करावा लागत नाही. परंतु दहा अभिन्यासांचे दहा तुकडे एकमेकांना जोडले गेले की ओढ्याला काठ मिळतो, पाण्याला पसरावयास जागा मिळते, आणि संध्याकाळी फिरावयास निघालेल्या माणसाला तो ओढा दिसू लागतो. दिसू लागला की त्याला कैवारी मिळण्याची शक्यता निर्माण होते. अर्थात ४,००० चौरस मीटर म्हणजे एकराहून किंचित कमी, हे लेआउटवाल्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. जमिनीचे तुकडे त्या मर्यादेखाली पाडून ही अट चुकविली जात नाही ना, यावर डोळा ठेवावा लागेल.

जेथे काठालगत आधीच घरे झाली आहेत ती पाडावीत, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. गुंठेवारीतील माणूस हा या व्यवहारातला सर्वांत दुबळा पक्ष आहे, आणि प्रत्येक सुधारणेचा बुलडोझर त्याच्याच दारातून सुरू व्हावा हे न्यायाला धरून नाही. तितकाच दुबळा पक्ष आहे तो काठावरचा अल्पभूधारक शेतकरी. त्याच्याविषयी बोलल्याखेरीज हिरव्या रंगाची बाजू घेणे अप्रामाणिकपणाचे होईल. घडते ते असे. आराखड्यात त्याचे शेत हिरव्या पट्ट्यात दाखविले जाते. शेजारच्या शेताचा भाव वाढतो, त्याचा पडतो. मुलीचे लग्न किंवा आजारपण निघाले की तो पडत्या भावात शेत विकतो. घेणारा मात्र थांबू शकणारा असतो. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल करता येतो, आणि त्याच कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत संपादन झाले नाही तर नोटिशीची मुदत संपल्यावर आरक्षण व्यपगत होऊ शकते. थांबू शकणाऱ्याच्या हातात आल्यावर हिरवा रंग हळूहळू पिवळा होतो. पर्यावरण बुडाले आणि शेतकरीही बुडाला. वाढ मिळाली ती तिसऱ्यालाच. जमीन राखावयाची तर पहिल्या मालकाला, म्हणजे आराखडा प्रसिद्ध झाला त्या दिवशी ज्याचे नाव सातबाऱ्यावर होते त्याला, वाजवी मोबदला त्वरित मिळाला पाहिजे. विलंबाने दिलेला मोबदला दलालाला मिळतो.

पैसा कोठून आणावयाचा, ही शंका येईलच. बेसा-पिपळ्यात दर वर्षी उठणाऱ्या इमारती विकास शुल्क भरतात. ते शुल्क ज्या संस्थेकडे जाते तिने त्याचा ठराविक हिस्सा त्याच गावच्या ओढ्याकाठच्या जमिनीसाठी राखून ठेवावा, आणि त्याचा जमाखर्च दर वर्षी नगरपंचायतीच्या फलकावर लावावा. मेट्रो, मिहान आणि महामार्ग यांच्यामुळे जी वाढ आपोआप झाली, तिचा एवढा अंश तरी गावाकडे परत यावा ही मागणी हेन्री जॉर्जच्या मानाने अत्यंत मवाळ आहे.

या सर्वांत राजकीय धोका आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. छोट्या नगरपंचायतीत प्रभाग लहान, मतदार मोजके, आणि निवडणुकीचा खर्च पुष्कळदा जमिनीच्याच व्यवसायातून येतो. ओढ्याच्या रेषेसाठी उभा राहणारा नगरसेवक कोणत्या एका कुटुंबाला नाराज करतो हे त्याला नावानिशी ठाऊक असते. त्या रेषेमुळे ज्यांच्या घरात पाणी शिरणार नाही ती कुटुंबे कोणती, हे मात्र कोणालाच, त्या कुटुंबांनासुद्धा, ठाऊक नसते. हा विषमतोल भाषणांनी दूर होत नाही. पण एक साधी व्यवस्था करता येते. आराखड्यातील कोणताही हिरवा भाग, खुली जागा किंवा ओढ्याची रेषा बदलण्याचा ठराव आवाजी मतदानाने संमत होऊ नये. तो विषय सभेच्या पत्रिकेत सर्व्हे क्रमांकासह आधी प्रसिद्ध व्हावा, मतदान हात वर करून व्हावे, आणि कोणत्या सदस्याने कसे मत दिले ते इतिवृत्तात नावानिशी लिहून ती प्रत नगरपंचायतीच्या दारावर लावावी.